कौल आणि कौलं

१९८१ सालच्या मे महिन्यात मी माझ्याच गावची देवराई मोजायला गेलो, तेव्हा गुरवांच्या आबांनी मला गडग्यापाशी अडवलं. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मला भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होऊन दोन वर्षं. राईला लागून असलेल्या वरकस जमिनीत हद्दीचा तंटा निघाला होता. मागे दोन गडी, त्यांच्या खांद्यावर साखळी, माझ्या हातात टिपणाची नक्कल, अशी आमची वरात निघालेली. आबांनी साखळीकडे बोट दाखवलं.

"ही भायर ठेव. लोखंड भुतूर चलाचा नाय."

"आबानु, मगे मोजू कसा?"

"सुंब आसा मा!"

आमची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मराठी मुलखातली शेतंभातं शंभरावर वर्षं याच मापानं कागदावर उतरत आली. पण आबांपुढे ते चालेना. मग आम्ही काथ्याचं सुंब आणलं, व्हाळात भिजवून ताणलं, गडग्याबाहेर साखळीशेजारी अंथरलं आणि आण्याआण्याला गाठी मारल्या. पायतणं काढली. आत शिरलो.

मे महिना होता. बाहेर सड्यावर कातळ इतका तापलेला की अनवाणी चार पावलं टाकवत नव्हती. आत तळपायाला पहिल्यांदा गार पातेरा लागला. घोट्यापर्यंत पाय रुतत होते, आणि खालचा थर ओला होता. डोक्यावर चांदकुड्याचे सरळसोट बुंधे, त्यांच्यावर चढलेली गारंबीची वेल, मांडीएवढी जाड. मधे एका उंडलीच्या मुळांत देव. देव म्हणजे हातभर उंचीचा काळा पाषाण. भिंत नाही, छप्पर नाही. वरून सुकलेली पानं पडत होती ती त्याच्यावरही पडत होती.

क्षेत्र भरलं ३ एकर १२ गुंठे. मोजणी साखळीनं केल्याचं मी शेऱ्यात लिहिलं. सरकारी कागदावर मी लिहिलेलं ते पहिलं खोटं. जमिनीच्या प्रकारापुढे आधीच्या टिपणात होतं तेच उतरवलं : पोटखराबा.

नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली. शेकडो गावं मोजली, पण त्या सुंबाच्या गाठी विसरलो नाही. अलीकडे पाच जूनला शाळेत बोलवतात. फलकावर तुकोबांचा तो सगळ्यांना पाठ असलेला अभंग असतो, आणि निसर्गाच्या सान्निध्यात मन कसं शांत होतं यावर दोन शब्द बोला म्हणतात. मला त्यावर बोलता येत नाही. मला एका शब्दाबद्दल बोलता येतं. तो शब्द कौल.

आमच्याकडे कौल दिवसातून तीनदा तरी कानावर पडतो आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. देवाला विचारायचं तो कौल. गुरव पाषाणावर ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात, आणि मग सगळे त्या कळीकडे बघत बसतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. घरावर घालायचं ते कौल. आणि जुन्या दफ्तरात सापडतो तो तिसरा : सरकारानं रयतेला दिलेलं अभयवचन, तोही कौल. हा शब्द अरबी 'क़ौल'वरून आलेला, म्हणजे वचन, शब्द. ओसाड पडलेली जमीन कुणी लागवडीस आणली तर पहिली काही वर्षं सारा हलका आणि मग चढता, असा इस्ताव्याचा कौल मराठ्यांच्या राज्यात मिळत असे. गावंच्या गावं अशा कौलावर वसली.

आमच्या राईचा इतिहास या तीन कौलांत सगळा बसतो. कसा, ते सांगतो.

सुरुवात छप्पर नसलेल्या देवापासून करायला हवी. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची गावं पायी हिंडले, आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी दाखवलं की आयांची, म्हणजे देवींची, कितीतरी जुनी ठाणी गावाच्या मध्यात नसतात. ती असतात जुन्या वाटांवर, तिठ्यांवर, धनगरांच्या चालीच्या रस्त्यांवर. नांगराच्या आधीचे हे देव. आमच्या दक्षिण कोकणात आणि पलीकडे गोव्यात सातेरी पुजतात. तिचं रूप म्हणजे वारूळ. वाळवी बांधते तशी ती वाढते. वाढत्या देवावर छप्पर कसं घालणार? लहानपणी ऐकलेलं कारण वेगळं होतं. आजी म्हणायची, देवाला आभाळ लागतं, छप्पर घातलं की त्याचा जीव घुसमटतो.

आणि देव एका जागी बसून राहतोच असं नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्रभर गावाच्या हद्दीवरून फिरतो, चपला झिजतात, म्हणून. भूकरमापकाला हा देव जवळचा वाटला तर नवल नाही. आमचं खातं निघायच्या कितीतरी आधीपासून तो शिवेची मोजणी करतो आहे. आमच्या राईत गडग्याच्या कोपऱ्यावर असाच एक राखणदार आहे, शेंदूर नसलेला नुसता धोंडा. त्याच्याकडे पुन्हा यावं लागेल.

राईचे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते. पायतणं बाहेर. लोखंड बाहेर, म्हणजे कोयता, कुऱ्हाड आपोआप बाहेर. आतलं काही न्यायचं नाही : लाकूड तर नाहीच, पण वाळकी काटकी नाही, पडलेलं फळ नाही, पातेरासुद्धा नाही. पातेऱ्याची ही बंदी केवढी मोठी, ते कोकणातल्या शेतकऱ्यालाच कळेल. आमची भातशेती राबावर चालायची. तरवा पेरायच्या आधी जमीन भाजायची, त्या भाजावळीसाठी शेण, कवळ, गवत, पातेरा असं सगळं गोळा करायचं. दर साल प्रत्येक घर डोंगरावर भारेच्या भारे तोडायला जायचं. पातेऱ्यासाठी भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या. आणि गावाच्या मधोमध तीन एकरांवर गुडघाभर पातेरा पडून सडायचा, त्याला कुणी हात लावत नसे.

हे प्रेमानं होत असे, असं मला वाटत नाही. भीती होती. ज्यानं काटकी उचलली त्याची गाय आटली, पोर तापलं, अशा गोष्टी प्रत्येक घरात होत्या. पण भीतीपलीकडेही काहीतरी होतं, ते मला आजीमुळे कळलं. घरात काही झालं, कुणाशी बोलाचाली झाली, मुंबईहून पत्र आलं नाही, की ती काष्टा खोचून राईकडे निघायची. गडग्याबाहेर एक मूळ होतं, त्यावर बसायची. नवस नाही, जप नाही. तासाभरानं परत यायची आणि चुलीकडे वळायची. विचारलं तर एवढंच म्हणायची, "जीव थाऱ्यार इलो." थारा म्हणजे आसरा, टेकायला जागा. घरातलं, शेतातलं, डोंगरावरचं सगळं कुणाचं ना कुणाचं होतं, त्याच्यावर कुणाचा तरी डोळा होता. राईतलं कुणाचंच नव्हतं. जिथून काही मिळवायचं नाही अशी गावात ती एकच जागा होती. तिथे ती काहीच नसल्यासारखी बसू शकत असेल.

ती गडग्याबाहेर बसायची हेही लिहायला हवं. बायकांना आत जाता येत नव्हतं. आणि ज्यांच्या ढोलाशिवाय पालखी उचलली जात नसे, त्यांनाही त्या गडग्याच्या आत पाय टाकता येत नव्हता. शिमग्यात त्यांचा मान पहिला, पण जागा बाहेरची. गावऱ्हाटीचे बारा-पाचाचे मानकरी कोण, कुणी आधी हात लावायचा, कुणी मागे उभं राहायचं, हे सगळं बांधलेलं होतं. देवराई म्हणजे आपल्या पूर्वजांचं पर्यावरणाचं शहाणपण, असं आता भाषणात म्हणतात. शहाणपण होतं. पण ज्या गडग्यानं झाडं राखली त्यानंच माणसंही बाहेर राखली. दोन्ही नोंदी एकाच सर्व्हे नंबरवर आहेत.

आता दफ्तरातल्या कौलाकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचा भाग आहे. आंबा-फणसाची लाकडंही आरमाराला उपयोगी, पण त्यांना हात लावू देऊ नये, असं अमात्य बजावतात. कारण असं देतात की ही झाडं वर्षादोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावं. राज्य आपल्या अधिकाऱ्यांना झाडाबद्दल इतकं बारकाईनं बजावतं, याचा अर्थ झाडांवर हात पडत होता. आरमार होतं तिथे लाकूड लागत होतंच. राई मात्र या हिशोबाबाहेर होती. ती कुणी लावलेली नव्हती, म्हणून रयतेची नाही. ती लागवडीला द्यायची ओसाड जमीन नव्हती, म्हणून सरकारच्या कौलातही नाही.

इंग्रज आले तेव्हा हिशोबाबाहेर काही ठेवायचं नाही, अशीच त्यांची रीत होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी सह्याद्रीच्या जंगलांना मागणी आली. १८६४ मध्ये डीट्रिक ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ मध्ये पहिला वनकायदा, १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. डोंगर राखीव झाले. गुरं चारायला, कवळ तोडायला, फळं-पानं गोळा करायला मज्जाव आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या वनखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते आजही वाचताना आपल्या पाठीवर उठतात. याच ब्रँडिसनं कूर्गमधली आणि राजपुतान्यातली देवांची वनं पाहून ती कौतुकानं नोंदवूनही ठेवली. ज्या खात्याचा तो पाया घालत होता, त्याच्याच जोरावर पुढे अनेक ठिकाणी देवांची वनं राखीव जंगलात जमा झाली आणि देवाचा हक्क निशाणीच्या हातोड्याखाली आला.

आमच्या तळकोकणात खोती होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. खोतीचा १८८० चा कायदा झाला, मोजणी झाली, शेतांना नंबर पडले. जिथे भात होत नाही, नाचणी होत नाही, सारा बसत नाही, ती जमीन पोटखराबा. आमची राई त्या रकान्यात गेली. ज्या जागेतून बारा महिने पाणी येतं, ती सरकारदरबारी खराब! तरुणपणी मला याचा राग यायचा. नंतर ध्यानात आलं की याच शब्दानं तिला वाचवलं. खराब्यावर सारा नाही, सारा नाही म्हणून खोताला रस नाही, खोताला रस नाही म्हणून मोजणीदार तिथे घाईत. माझ्या आधीच्या मोजणीदाराच्या टिपणात राईच्या आत एकही आकडा नव्हता. तोही आत गेला नसावा.

मग घरावरचं कौल आलं, आणि ते समुद्रावरून आलं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तोवर आमच्याकडे घरं गवतानं शाकारायची, ऐपत असली तर कुंभाराची नळीची कौलं. मंगलोरी कौल चपटं, खाचेत खाच बसणारं, एकसारखं. मचव्यांतून ती बंदरोबंदरी उतरू लागली. आमच्या देवळाच्या पहिल्या छपरावरची काही कौलं अजून माझ्या पडवीत आहेत. कारखान्याची अक्षरं हाताला लागतात.

हे देऊळ राईतल्या पाषाणाचं नव्हे. राईच्या तोंडाशी गावाची बैठक होती, तिथे देवाच्या तरंगकाठ्या ठेवायला माझ्या पणज्याच्या काळात खोपी उभी केली, तिचं हे देऊळ झालं. कौलांना वासे हवेत, वाशांना आढं हवं. लाकूड आणायचं कुठून? देवाला विचारलं. उजवा कौल आला. राईतला एक किंजळ तोडला. राईचं लाकूड देवाच्या कामाला चालतं, माणसाच्या नाही, हा नियमच होता. 'देवाचं देवाला.' त्या वेळी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, मलाही दिसलं नसतं. एक झाड, शंभर वर्षं टिकणारं आढं. पण गडग्याला पहिलं दार त्या दिवशी पडलं.

बाहेरचं जंगल त्यानंतरच्या शंभर वर्षांत गेलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या, आणि त्या कोळशाच्या भट्ट्या डोंगराडोंगरांत धुमसल्या. मग हापूसच्या पेट्या. आंबा मुंबईला जायचा तो लाकडी पेटीतून, आणि पेटी परत येत नसे. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. शंभर टक्के अनुदान मिळालं, डोंगर साफ झाले, काजू आणि आंबा उभा राहिला. लोकांच्या हातात पैसा आला, माझ्याही. माझी काजूची बाग त्याच योजनेतली. आता सड्यावर उभं राहिलं की खाली काजूच्या एकसारख्या हिरव्या गोधडीत राईचं काळपट ठिगळ तेवढं उठून दिसतं.

या ठिगळांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते १९७० च्या दशकात. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ सह्याद्रीत राया शोधत फिरले. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. तिथली काळकाईची राई तोडण्याचं वनखात्यानं ठरवलं होतं. आसपासचं रान गेल्यावर गावाचा पाण्याचा झरा त्या राईतूनच वाहत होता. या दोघांना देवरायांत रस आहे हे कानावर आलं, तेव्हा गावकऱ्यांनीच त्यांना गाठलं आणि राई वाचवायला मदत मागितली. पुढे १९८१ साली, म्हणजे मी सुंबाला गाठी मारत होतो त्याच साली, या दोघांनी महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात २३३ राया होत्या. आमची नव्हती. खराब्याला कोण विचारतो!

झरा राईतूनच का निघतो, हे मला खात्याच्या नव्हे तर चिरेखाणीच्या अनुभवानं कळलं. आमचा जांभा दगड सच्छिद्र. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण उघड्या सड्यावरून तो घटकेत व्हाळाला आणि व्हाळातून खाडीला. झाडाखाली तसं होत नाही. पाणी आधी पानांवर, मग पातेऱ्यात, मग मुळांच्या वाटेनं जांभ्यात मुरतं. जांभ्याखाली चिकण माती लागली की पुढे वाट नाही, म्हणून ते उतारावर जिथे फट मिळेल तिथे बाहेर येतं. तो झरा. न उचललेला पातेरा म्हणजे गावाची टाकी होती. आजीच्या भाषेत पातेरा देवाचा होता. दोन्ही म्हणण्यांचा परिणाम एकच व्हायचा : पातेरा जागेवर राहायचा.

दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या राईत तर पाण्यातच जंगल आहे. तिथे रानजायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत, मुळं गुडघ्यासारखी वाकवून चिखलाबाहेर श्वास घेतात. लाखो वर्षांपूर्वी पसरलेल्या अशा जंगलांचे तुकडे आता पश्चिम घाटात थोडेच उरले. गोव्यात सत्तरीत निरंकाराच्या राईत तसा एक आहे. बांबर्ड्याचा तुकडा २.५९ हेक्टरांचा, २०२१ मध्ये शासनानं त्याला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. तोवर त्याला राखलं ते देवानं आणि गावानं, कुठल्याही फलकाशिवाय.

आमच्या गावानं काय केलं? १९९४ मध्ये देवळाच्या जीर्णोद्धाराची समिती झाली. मुंबईच्या चाकरमान्यांनी मनापासून पैसे काढले. आमची कौलं गळत होती, ते खरं. स्लॅबचं देऊळ, सभामंडप, पुढे गाड्या लावायला जागा, असा आराखडा ठरला. जागा राईकडेच वाढू शकत होती. कौल लावला. पहिल्या दिवशी डावा आला. दुसऱ्या दिवशी डावा आला. तिसऱ्या दिवशी उजवा. मी तिथे होतो. कळी ओली होती, वारा नव्हता, एवढंच मी सांगू शकतो. आबा तोवर गेले होते.

आणि नकाशा मी काढून दिला. गावचाच माणूस, फी कसली घ्यायची? भूमी अभिलेखाच्या नकाशात झाडं दाखवत नाहीत. हद्द, बांध, वाट, विहीर दाखवतात, झाड नाही. माझ्या कागदावर ती जागा कोरी होती, म्हणून मला ती देताना काही वाटलं नाही. राईची झाडं देवळाच्या कामाला चालतात, हा जुना नियम पुन्हा निघाला. पण स्लॅबला वासे लागत नाहीत. थोडं लाकूड सेंट्रिंगला गेलं, उरलेलं गिरणीत गेलं आणि पैसे देवळाच्या खात्यात जमा झाले. देवाचं देवाला. परवानगीचे कागद झाले का, हे मी विचारलं नाही; विचारायला हवं होतं, आणि ते विचारण्याचं शिक्षण गावात माझ्याकडेच होतं.

देऊळ छान झालं. गळत नाही. गडगा सरळ झाला, सिमेंटचा झाला. उंडलीच्या मुळांतला पाषाण आता गाभाऱ्यात आहे, त्याच्या डोक्यावर नक्षीचं छत आहे, पान पडत नाही. झरा पूर्वी पाऊस लागेपर्यंत चालायचा, आता गुढीपाडव्याच्या आसपास आटतो. सगळा दोष त्या पाऊण एकरावर टाकता येणार नाही. वर काजूच्या बागा आहेत, खाली बोअरवेल आहेत, त्यातली एक बाग माझी आहे.

देऊळ पुरं झाल्यावर समितीनं राखणदाराचाही विचार केला. कोपऱ्यावरच्या त्या धोंड्यावर चार खांब आणि एक छोटा स्लॅब टाकू, म्हणाले. वाळू, सिमेंट उरलंच होतं. कौल लावायला या वेळी आबांचा नातू बसला, तेव्हा वीसेक वर्षांचा. कळी डावी पडली. दुसऱ्या दिवशी डावी. तिसऱ्या दिवशी डावी. चौथ्या दिवशी समितीतले एक म्हणाले, परत लाव. पोरगा उठला, हात धुतले आणि म्हणाला, "देवान तीनदा सांगल्यान. माका चौथ्यांदा इचारूचा नाय." उरलेल्या सिमेंटचं मग मुलांसाठी स्टेज झालं.

राखणदार अजून उघडाच आहे. आता बायकाही तिथपर्यंत जातात. गडगा सरळ करताना ती जुनी मनाई कुठे गेली, कुणाला कळलं नाही, आणि गेली ते बरंच झालं. पावसाळ्यात सोमवारी मी तिथे जातो, पायतणं काढतो आणि भिजत उभा राहतो. आजीचं मूळ तोडातोडीत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात खात्यातला एक मुलगा घरी आला. चुणचुणीत, पाठीला सॅक, हातात रोव्हरचा दांडा. राईची नव्यानं हद्द कायम करायची होती. आम्ही साखळी सोडली, मोजणीचा फलक सोडला, ईटीएस यंत्र आलं, आणि आता हे उपग्रहाशी बोलणारं यंत्र. देवळापुढच्या मोकळ्या जागेत त्यानं दांडा उभा केला आणि पाचेक सेकंदांत म्हणाला, "काका, फिक्स मिळाला." सेंटिमीटरपर्यंत अचूक. मग आम्ही आत गेलो. चांदकुड्याखाली त्यानं दांडा धरला. यंत्र शोधत राहिलं. दोन पावलं सरकला, चार सरकला. वर बघितलं तर पानांपलीकडे आभाळ दिसत नव्हतं.

"फिक्स येत नाही, काका. आभाळ मोकळं लागतं याला."

मी त्याला गडग्याबाहेर बसवलं आणि घरी गेलो. पडवीत, त्या मंगलोरी कौलांच्या चळतीवर, सुंबाचं भेंडोळं होतं. काथ्या चिवट, चाळीस वर्षांनीही गाठी शाबूत. व्हाळात पाणी नव्हतं, म्हणून घरच्या बादलीत भिजवलं आणि परत आलो. तो बूट काढून उभाच होता, कुणी सांगितलं त्याला कोण जाणे. सुंबाचं एक टोक मी त्याच्या हातात दिलं.

क्षेत्र भरलं २ एकर २१ गुंठे. शेऱ्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं. सुंबानं मोजलं असं लिही, म्हटलं.